नाम, शपथ आणि जिभेचा लगाम



कुस्तीचे फड भूगावकरांना नवे नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची लढत याच गावी झाली. फडात उतरताना मल्ल वाकतो, माती कपाळाला लावतो आणि बजरंगबलीचे नाव घेतो. त्या नावात त्याची सारी मेहनत असते. बाहेर बसलेला एखादा प्रेक्षकही तेच नाव घेतो. पण आपला गडी चीत झाला की त्याच श्वासात तो पंचाच्या आईबहिणीचा उद्धार करतो. नाव एकच. मग दोघांनी ते सारखेच घेतले, असे म्हणावे काय? आजचा विषय या प्रश्नात आहे.

पौड रस्त्याला आता वसाहती झाल्या आहेत. नाना धर्मांची कुटुंबे एका जिन्यावर राहतात. आपली मुले चेंडू हुकला की "ओ माय गॉड" म्हणतात, "जीझस" म्हणतात. शेजारच्या ख्रिस्ती आजींना ते ऐकून वाईट वाटते आणि आपल्याला मात्र त्यांच्या वाईट वाटण्याचे नवल वाटते. कारण आपल्याकडे देवाचे नाव चुकून घेतले तरी पुण्यच! अजामिळाने मरताना हाक मारली ती नारायण नावाच्या मुलाला. तरी तो तरला, अशी भागवतातली कथा. मग नाव घेण्यात अपराध कसला?

ख्रिस्ती मताचा उगम मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांत आहे. त्यांतली एक आज्ञा परमेश्वराचे नाव व्यर्थ घेण्यास मनाई करते. कॅथलिक आणि लुथरपंथी तिला दुसरी मोजतात, इतर बहुतेक प्रोटेस्टंट तिसरी. ही आज्ञा मूळ यहुदी लोकांची. ते तर देवाचे चार अक्षरी नाव ग्रंथात दिसले तरी उच्चारीत नाहीत. त्याऐवजी 'प्रभू' या अर्थाचा शब्द वाचतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचीही परंपरा हीच. आपल्याला हे अगदीच परके वाटू नये. आपल्या आज्या पतीचे नाव सहसा तोंडातून काढीत नसत; घ्यायचेच झाले तर उखाण्यात गुंफून घेत. नाव टाळणे हाही आदराचाच एक प्रकार होता.

आता 'व्यर्थ' म्हणजे काय? मूळ इब्री शब्दात पोकळपणा आणि खोटेपणा या दोन्ही छटा आहेत. म्हणून या आज्ञेचा पहिला रोख खोट्या शपथेवर आहे. बेलभंडारा उचलून खोटे बोलणाऱ्याला आपले गावही माफ करीत नसे. येशूने याच्याही पुढचे पाऊल टाकले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात तो सांगतो की शपथ वाहूच नका. तुमचे होय हे होय असावे आणि नाही हे नाही. ज्याला घडीघडी "आईशप्पथ" म्हणावे लागते, त्याचा साधा शब्द खरा नसतो, हे तो स्वतःच कबूल करतो. क्वेकर पंथाने हा उपदेश अक्षरशः पाळला आणि न्यायालयातही शपथ नाकारली. बहुतेक इतर पंथ मात्र गंभीर प्रसंगी घेतलेली खरी शपथ योग्य मानतात. आपल्या १९६९ च्या शपथ कायद्यानेही साक्षीदाराला शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगण्याची मोकळीक ठेवली आहे.

राहिला प्रश्न उद्गारांचा. येथे ख्रिस्ती लोकांतही मतभेद आहेत. कित्येकजण देवाच्या नावाऐवजी "गॉश"सारखा मिळताजुळता शब्द वापरतात. कडवे लोक म्हणतात, ही केवळ पळवाट. इंग्लंडात १६०६ साली नाटकातून थट्टेने देवाचे नाव घेणाऱ्या नटाला दहा पौंड दंडाचा कायदा झाला होता. उलट गोव्यातली ख्रिस्ती म्हातारी काही भयंकर ऐकले की "साइबा, भोगोस!" म्हणते. प्रभू, क्षमा कर, असा त्याचा अर्थ. हा उद्गारही अचानकच निघतो; पण तो कोणाला तरी उद्देशून आहे, त्यात मागणे आहे. आम्हांस वाटते, भेद येथेच आहे. ज्याला हाक मारली, त्याने 'ओ' दिली तर आपल्याला त्याच्याशी काही बोलायचे आहे का? असेल तर ती प्रार्थना. नसेल तर तो पोकळ आवाज.

नव्या करारातील याकोबाचे पत्र जिभेचा विचार याहून व्यापक करते. घोड्याला लहानसा लगाम पुरतो, मोठ्या गलबताला लहानसे सुकाणू आणि रान पेटायला एक ठिणगी. त्याच तोंडाने देवाची स्तुती करायची आणि देवाने घडविलेल्या माणसाला शिव्याशाप द्यायचे, हे विसंगत आहे, असा त्याचा आक्षेप आहे. आमच्या फडाबाहेरच्या प्रेक्षकाला तो बरोबर लागू पडतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातही वाणीचे तप सांगितलेच आहे. तालमीत दंडबैठका रोज काढाव्या लागतात. जिभेची तालीमही तशीच रोजची.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. ज्या येशूच्या नावाने हा संयम शिकवला जातो, त्याच्यावर धर्मसभेने ठेवलेला आरोप कोणता होता? देवनिंदेचाच! त्याचा शिष्य स्तेफन यालाही त्याच आरोपाखाली दगडांनी ठेचून मारले. देवाच्या नावाचा मान राखण्याचा आवेश माणसाच्या जिवावर उठू शकतो, हे ख्रिस्ती धर्मग्रंथच सांगतो. आणि पुढे ख्रिस्ती राजवटींनीही याच आरोपाखाली माणसे मारली, हे विसरता येत नाही.

म्हणून आम्ही असे समजतो की हा लगाम आपल्या जिभेसाठी आहे, शेजाऱ्याच्या तोंडाला बांधण्यासाठी नाही. आजींनी मुलाला दटावण्यापेक्षा, ज्याचे नाव तू घेतलेस तो आम्हांला कोण आहे, हे जवळ बसवून सांगावे. आणि मुलाने, आपल्या धर्मात हे चालते, एवढ्यावर न थांबता, त्या घराच्या दाराशी तरी ते नाव जपून घ्यावे. एका जिन्यावर राहणाऱ्यांना एवढे अवघड नाही.