काचेतल्या बाळाचं पोट आणि रक्ताचा रिपोर्ट

बाळ सातव्या महिन्यातच जन्मलेलं, वजन किलो-सव्वा किलो, ‘काचेत ठेवलेलं’. दोन आठवडे बरं चाललेलं असतं, नळीतून दिलेलं दूध पचत असतं. मग एके दिवशी पोट फुगतं, नळीतून हिरवट पाणी उलटं येतं, शीत रक्त दिसतं. डॉक्टर ‘एनईसी’ म्हणतात, म्हणजे नेक्रोटायझिंग एंटरोकोलायटिस. आतड्याचा आतला थर सुजतो, मरू लागतो; काही बाळांचं आतडं फुटतं. जळगाव असो की धुळे, कक्षाबाहेर बसलेल्या आजी-काकांचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो: ‘रक्ताचा रिपोर्ट काय आला?’

एका रक्ततपासणीत हा आजार पक्का ठरतो, असं बहुतेकांना वाटतं. तशी तपासणी मुंबईतही नाही आणि लंडनमध्येही नाही. ‘मोठ्या शहरात नेलं असतं तर रक्तातच कळलं असतं’ ही हळहळ म्हणून सोडून द्यावी. (ऑपरेशनची वेळ आली, तर लहान मुलांचा सर्जन कुठे आहे, हा प्रश्न मात्र खरा.) निदानाचा आधार आजही बेल यांनी 1978 साली मांडलेल्या टप्प्यांचाच: बाळाची लक्षणं, पोटाची तपासणी आणि एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीत दिसणारे हवेचे बुडबुडे. सिस्टर टेप घेऊन बेंबीवरून पोटाचा घेर मोजते आणि कागदावर लिहिते, ते काम कुठल्याही रिपोर्टइतकंच मोलाचं असतं.

मग रक्त कशाला काढतात? दिशा कळावी म्हणून. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन सूज सुरू झाल्यावर सहा ते बारा तासांनी वाढू लागतं आणि पुढचा दीड-दोन दिवस चढत राहतं. म्हणून सकाळचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट पाहून निर्धास्त होता येत नाही. उलट वाढलेला सीआरपी साध्या जंतुसंसर्गातही दिसतो. प्लेटलेट दीड लाखांच्या खाली झपाट्याने उतरू लागल्या, की डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडतात. आणखी एक गोम: काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. 10 आणि 1 हे दोन आकडे तेव्हा एकच असतात. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून ‘उतरला’ म्हणणारे नातेवाईक इथेच फसतात.

‘सारखं रक्त काढून पोर सुकवलं’ ही तक्रार मात्र अगदीच हसण्यावारी नेऊ नये. किलोभराच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 80 ते 90 मिली रक्त, म्हणजे चहाचा लहान कप. एक मिली काढलं तरी शंभरातला एक भाग गेला. म्हणूनच संशोधकांचा डोळा लघवी आणि शीवर आहे. आतड्याच्या पेशी फुटल्या, की आय-फॅब्प नावाचं छोटं प्रथिन रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडातून लघवीत उतरतं. कल्पना सुरेख आहे, पण ते सुटतं म्हणजे इजा आधीच झालेली असते. शिवाय किती आकड्याला आजार म्हणायचं, यावर एकमत नाही. शीतल्या कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनाचंही तसंच. नवजात बाळात ते मुळातच जास्त असतं, मोठ्या माणसांची मोजपट्टी इथे लागत नाही.

‘पोरनं पोट फुगी गयं’, म्हणजे गॅस झाला, असं समजून घरी आलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला गुटी, मध किंवा ग्राइप वॉटर चाटवू नये. सातपुड्यातल्या मेळघाटात फुगलेल्या पोटावर चटके देतात, त्याला ‘डंबा’ म्हणतात. त्यात बाळाला जखमा होतात आणि मोलाचे तास जातात. हिरवी उलटी, शीत रक्त, ताणलेलं पोट यांपैकी काहीही दिसलं, तर 108 ला फोन करावा, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

दवाखान्यात दूध बंद करतात, तेव्हा ‘पोराला उपाशी ठेवलं’ असा गलका होतो. आतड्याला विश्रांती हा तर उपचारच आहे. पोषण शिरेतून जातं, सोबत प्रतिजैविकं.

सगळ्यात अन्यायकारक समज आईबद्दलचा. ‘हिने भरीत खाल्लं, दूध बाधलं.’ भरताचा इथे काडीचा संबंध नाही. ल्यूकस आणि कोल यांनी 1990 मध्ये इंग्लंडमधल्या बाळांवर केलेल्या अभ्यासात निव्वळ पावडरच्या दुधावरच्या बाळांत हा आजार, फक्त आईच्या दुधावरच्यांपेक्षा सहा ते दहा पट आढळला. ज्या बाळांना आईचं दूध मिळत नाही, त्यांच्यासाठी मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती 1989 साली. आईचं दूध असं मोलाचं, म्हणून बाळाचं दूध बंद असलं, तरी आईने दर दोन-तीन तासांनी पिळून दूध काढत राहावं. बंदी उठेल तेव्हा पहिला घोट तिच्याच दुधाचा देता येतो.