कपाटातले कागद संगणकात नेताना

आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग २०१७ साली झालं, तेव्हा ठेकेदाराने दहा वर्षांची हमी लिहून दिली होती. गेल्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर पाणी ठिबकू लागलं आणि ते हमीपत्र शोधायला आम्ही तिघं तीन रविवार ऑफिसात बसलो. ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातल्या सभासद नोंदवह्या, सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं, ऑडिटचे अहवाल, पाणीपट्टीची बिलं, सगळं उपसलं. हमीपत्र शेवटी निघालं लिफ्टच्या देखभाल कराराच्या फायलीत, टाचणीच्या गंजाचा डाग पडलेलं. “हे सगळं एकदाचं कॉम्प्युटरवर टाका रे,” सचिवकाका म्हणाले, आणि काम माझ्याकडे आलं.

स्कॅन करून फोल्डरात टाकणं म्हणजे कपाट बदलणं फक्त. ‘स्कॅन ४७’ नावाच्या फायलीत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. दस्तऐवज व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर त्यापुढचं काम करतं. पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखतं (याला ओसीआर म्हणतात), त्या मजकुराची सूची बांधतं, कागदाला तारीख, प्रकार, पाठवणारा अशा खुणा लावू देतं आणि कोणी काय पाहायचं हे ठरवू देतं. असं सॉफ्टवेअर मुक्तस्रोत स्वरूपात, एक पैसा न देता मिळतं, तेही एक नव्हे, अनेक.

अल्फ्रेस्कोची कम्युनिटी आवृत्ती मोठ्या कचेऱ्यांच्या तोलाची आहे. ती जावावर चालते. डेटाबेस, शोधयंत्र, भागाभागांत निरोप पोचवणारी सेवा, फाइल रूपांतर करणारी सेवा असा तिचा मोठा बारदाना असतो आणि माझ्या मते १६ जीबी रॅम नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. मायान ईडीएमएस पायथनमध्ये लिहिलेलं आहे. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, कोणी शेरा मारतं, कोणी मंजुरी देतं, असा प्रवास जिथे असतो तिथे ते शोभतं. ओपनकेएम, लॉजिकलडॉक, टीडी ही नावंही ऐकायला मिळतील. सोसायटी, छोटं वाचनालय, वकिलाचं किंवा सीएचं ऑफिस यांना मात्र मी पेपरलेस-एनजीएक्सच सुचवेन. त्याचा जीव लहान आहे आणि नेमकं हवं तेच ते करतं.

त्याला लागतं काय? उबंटू किंवा डेबियन घातलेला, चार जीबी रॅमचा जुना डेस्कटॉपही पुरतो. रास्पबेरी पायवरही ते चालतं, फक्त ओसीआर रेंगाळतो. आत एक डेटाबेस असतो (पोस्टग्रेस घ्यावा) आणि कामांची रांग सांभाळायला रेडिस असतं. हे सगळं डॉकर नावाच्या डब्यात भरून मिळतं, त्यामुळे एकेक भाग हाताने जुळवावा लागत नाही. वर्डच्या फायली आणि ईमेलही आत घ्यायचे असतील तर टिका आणि गोटेनबर्ग अशा आणखी दोन सेवा जोडाव्या लागतात, आणि मग रॅम आठ जीबी असलेली बरी. प्रोसेसरचा खरा घाम ओसीआरच काढतो. पहिल्या दिवशी हजार पानं ओतली तर मशीन रात्रभर गरम राहणार. नंतर रोजच्या दोन-चार कागदांना त्याला काहीच वाटत नाही.

डिस्कचा हिशेब सोपा आहे. ३०० डीपीआयला स्कॅन केलेलं ए-फोर पान साधारण एक एमबी धरा. सॉफ्टवेअर मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतं आणि शेजारी शोधता येणारी, दीर्घकाळ टिकेल अशा पीडीएफ-ए स्वरूपातली दुसरी प्रत बनवतं. म्हणजे पानाला दोन एमबी. वीस हजार पानं झाली तरी ४० जीबी. पैसे डिस्कपेक्षा चांगल्या स्कॅनरवर घालावेत. एकामागून एक पानं आपोआप ओढणारा, दोन्ही बाजू एकदम घेणारा स्कॅनर नसेल तर स्कॅन करणारा माणूस आठवड्यात कंटाळतो आणि काम तिथेच राहतं.

आता आपल्या भाषेचं. इंग्रजीत लिहिलेल्या तुलनांत हा भाग सहसा सापडत नाही, आणि आपल्या कागदांचं सगळं यश इथेच ठरतं.

पेपरलेस अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट वापरतं. ते ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ नंतर घडलं, २००५ साली मुक्त झालं आणि त्याला मराठी येतं. पण मराठीचा भाषासंच आपल्याला वेगळा घालावा लागतो आणि सेटिंगमध्ये मराठी व इंग्रजी दोन्ही सांगाव्या लागतात, कारण आपल्या एकाच पत्रात दोन्ही असतात. ते केलं नाही तर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा मिळतो आणि लोक म्हणतात, सॉफ्टवेअर भिकार आहे. स्वच्छ छापलेलं पत्र ते छान वाचतं. कार्बन कॉपी अडखळत वाचतं. हस्ताक्षरातली इतिवृत्तं त्याला वाचता येत नाहीत आणि मोडीची तर आशाच नको. अशा कागदांना शीर्षक आणि खुणा हातानेच द्याव्या लागतात. त्याला इलाज नाही.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करून बनवलेली पीडीएफ. डोळ्यांना ती शुद्ध मराठी दिसते, पण आत साठवलेली अक्षरं युनिकोड नसतात, इंग्रजी चिन्हांची खिचडी असते. फायलीत मजकूर आधीच आहे असं पाहून सॉफ्टवेअर सहसा ओसीआर करतच नाही आणि ती खिचडीच सूचीत जाते. आमच्या टायपिस्टने केलेल्या कित्येक वर्षांच्या सूचना अशाच हरवल्या होत्या. समोर होत्या, शोधल्या की मिळत नव्हत्या. उपाय एवढाच की त्या फायलींना ओसीआरची सक्ती करायची, म्हणजे सॉफ्टवेअर पानाचं चित्र करून नव्याने वाचतं.

शोधाच्या खिडकीतही आपल्या भाषेचे खाचखळगे आहेत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. दिसतो सारखाच, संगणकाला मात्र वेगळा. देवनागरी आकड्यांतलं साल आणि इंग्रजी आकड्यांतलं साल यांचंही तसंच. काही शोधयंत्रं काना-वेलांटीला अक्षरच मानत नाहीत आणि शब्द तिथे तोडतात. शिवाय आपण ‘गळती’ शोधतो आणि कागदात असतं ‘गळतीच्या’ किंवा ‘गळतीमुळे’. विभक्ती लागलेला शब्द हाती यावा म्हणून शब्दापुढे फुली (*) टाकून शोधण्याची सोय आहे, ती ऑफिसातल्या प्रत्येकाला शिकवावी लागते.

म्हणून निवड करताना वैशिष्ट्यांचे तक्ते बाजूला ठेवा. आपल्या कपाटातले सगळ्यात वाईट पाच कागद काढा: एक पुसट कार्बन कॉपी, एक जुन्या फाँटची पीडीएफ, एक शिक्का मारलेलं सरकारी पत्र, एक हस्तलिखित पान, एक दोन भाषांचं बिल. ते आत टाका आणि ऑफिसातल्या सगळ्यात कमी संगणक येणाऱ्या माणसाला त्यातला एक शोधायला सांगा. आमच्याकडे ते सचिवकाका होते.

दुसरी कसोटी मला याहूनही महत्त्वाची वाटते: उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तर कागद माझ्या हातात राहतील का? पेपरलेसचाच इतिहास बघा. मूळ पेपरलेसचं काम थंडावलं, तेव्हा दुसऱ्या कुणी त्याचं पेपरलेस-एनजी केलं. तेही थांबलं, तेव्हा २०२२ मध्ये अनेकांनी मिळून पेपरलेस-एनजीएक्स उभं केलं. परवाना मुक्त होता म्हणून धागा तुटला नाही, आणि लोकांच्या फायली कुठेही अडकल्या नाहीत. पेपरलेस डिस्कवर साध्या फायलीच ठेवतं, आणि सांगितलं तर साल आणि विषयाप्रमाणे फोल्डर लावून ठेवतं. अल्फ्रेस्को आणि मायान फायलींना लांबलचक सांकेतिक नावं देतात. डेटाबेस गेला तर कुठली फाइल कशाची हे माणसाला ओळखता येत नाही. मोठ्या संस्थेला ते चालतं, तिथे डेटाबेस सांभाळणारा पगारी माणूस असतो. आमच्याकडे नाही.

एक धोका मात्र स्पष्ट सांगायला हवा. पेपरलेस कागद कुलूपबंद करून ठेवत नाही, म्हणजे डिस्कवर ते उघडे वाचता येतात. सभासदांची आधार, पॅनची झेरॉक्स त्यात असते, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानंतर ती जबाबदारी हलकी राहिलेली नाही. आख्खी डिस्कच एनक्रिप्ट करावी, मशीन थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नये, आणि बॅकअपची एक प्रत इमारतीबाहेर असावी. नोंदणी झालेले मूळ दस्त स्कॅन झाले म्हणून रद्दीत देऊ नयेत, हे सांगायची वेळ आमच्यावर आली, म्हणून इथेही सांगतो.

बॅकअप आहे एवढ्यावर विसंबू नका, तो परत उघडून बघा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत ते केलं. माझ्या पुतण्याचा जुना लॅपटॉप घेतला, कोरं पेपरलेस घातलं, बाहेर काढून ठेवलेल्या फायली त्यात भरल्या. सचिवकाकांनी चष्मा सारखा केला, एका बोटाने ‘गळती’ टाइप केलं, पुढे फुली टाकली. पहिल्याच ओळीत २०१७ चं हमीपत्र आलं, गंजाच्या डागासकट.