शनिवार पाळणारं मराठी घर: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड-लातूरकडे ‘यहुदी’ हा शब्द बहुतेकांच्या कानावर पडतो तो युद्धाच्या बातम्यांतून, नाहीतर ठिबक सिंचनाच्या गप्पांत इस्रायलचं नाव निघतं तेव्हा. शेजारी किंवा सोयरिकीत यहुदी माणूस सहसा नसतो, त्यामुळे त्या समाजाबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे समज एकाच वेळी सुखाने नांदतात. एक म्हणजे, हे लोक आपल्याला सर्वस्वी परके. दुसरा म्हणजे, शेवटी सगळे धर्म सारखेच, लग्न झालं की बाकीचं आपोआप जमतं. विष्णुपुरीतल्या विद्यापीठातून, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकलेली मुलं-मुली आता पुण्या-मुंबईला जातात, जर्मनी-अमेरिकेतही जातात आणि जोडीदार तिथे शोधतात. अमेरिकेत प्यू संस्थेच्या २०२० च्या पाहणीनुसार विवाहित यहुद्यांपैकी ४२ टक्क्यांचा जोडीदार यहुदी नाही. २०१० नंतर लग्न केलेल्यांत हे प्रमाण ६१ टक्के आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या एखाद्या घरात यहुदी सून किंवा जावई येणं ही दूरची गोष्ट उरलेली नाही. अशा घराचं अधिक नुकसान दुसरा, गोड वाटणारा समज करतो असं माझं मत आहे. आणि हे दोन्ही समज खोटे ठरवणारा पुरावा आपल्याच भाषेत, कोकणात पडलेला आहे.

परकेपणाचा समज आधी बाजूला करू. मराठी बोलणारे यहुदी स्वतःला ‘बेने इस्रायल’ म्हणवतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे ते तेल गाळण्याच्या धंद्यात आले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. आडनावंही गावांवरून पडली: पेणकर, दिवेकर, किहीमकर, रोहेकर, अष्टमकर. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनालय, बांधलं. बेने इस्रायल त्याला ‘मशीद’च म्हणत आणि मस्जिद बंदर स्थानकाचं नाव त्यावरूनच पडलं असं मानलं जातं. वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी मुंबईत १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह छापली गेली, तर पुण्यात १८७४ मध्ये तिची चित्रांसहित आवृत्ती निघाली. बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं रचली गेली. हिंदी पडद्यावरचे प्रेमळ ‘डेव्हिड’ हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. सण-उत्सवांची जुनी नावं तर अस्सल मराठी आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दार फाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण.

इथे लगेच उलट टोकाचा निष्कर्ष काढला जातो. त्यांच्या लग्नात हळद-मेंदी आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, एके काळी गोमांस वर्ज्य होतं, विधवाविवाहही नको होता. मग हे अर्धे हिंदूच की! नांदेडच्या वाचकाला या तर्कातली चूक पटकन दिसायला हवी. हजूर साहिबमध्ये दिव्यांची आरती होते, गुरू ग्रंथ साहिबसोबत दसम ग्रंथाचाही प्रकाश असतो आणि पंजाबातल्या कित्येक गुरुद्वारांपेक्षा इथली ‘मर्यादा’, म्हणजे उपासनेची रीत, वेगळी आहे. म्हणून त्या तख्ताचं शीखपण कमी होतं असं नांदेडात कुणी म्हणणार नाही. मलिदा या बेने इस्रायल विधीचंही तसंच आहे. पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा आणि फळं मांडून बेने इस्रायल घर एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण करतं, नवस फेडतं, लग्नाआधी आभार मानतं. ताटातले पोहे कोकणातले, प्रार्थना हिब्रू आणि देव एकच, मूर्ती नसलेला. शतकानुशतकं रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नव्हता, हिब्रू ग्रंथ जवळपास नव्हते, तरी या लोकांनी शब्बाथ (शनिवारचा विसावा), आठव्या दिवसाची सुंता, खवले-पंख नसलेल्या माशांचा निषेध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना सोडली नाही. यातली एकही गोष्ट देवळावर किंवा मठावर अवलंबून नव्हती. चारही गोष्टी उंबऱ्याच्या आत राखता येण्यासारख्या होत्या.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो खरोखर वजनदार आहे. हा समाज टिकला तो आपसांतच लग्नं केल्यामुळे, मग मिश्र लग्नांना त्याचा इतिहास साक्षीला कसा काढता? आपसांतल्या लग्नांचं महत्त्व नाकारता येत नाही. ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असा भेद या समाजात होता. बाहेरच्या स्त्रियांपासून झालेली संतती ‘काळा’ ठरे आणि तिच्याशी रोटी-बेटी टाळली जाई. जातीचा हा विचार आपल्याच मातीतून त्यांच्या घरात शिरला, हे आपण मान खाली घालून कबूल करायला हवं. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने वेगळंच चित्र समोर आणलं. बेने इस्रायलांच्या वंशात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा असे दोन्ही वाटे भरघोस आहेत, हा संकर साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला आणि भारतीय वाटा आईच्या बाजूने अधिक आला, असं त्यात आढळलं. ज्या समाजाने मिश्र संततीला वेगळ्या पंगतीत बसवलं, तो समाजच कोकणातल्या आयांच्या पोटी वाढला होता. त्या आयांच्या घरात शनिवारी घाणा बंद राहिला, म्हणून आज बेने इस्रायल आहेत. रक्ताची भिंत उपयोगी पडली असेल, पण भिंतीच्या आत पाळायला काही नसतं तर ती कशासाठी उभी राहिली असती? शिवाय १९४८ च्या सुमाराला वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज इस्रायलला झालेल्या स्थलांतरानंतर महाराष्ट्रात काही हजारांवर आला आहे. एवढ्याशा संख्येत प्रत्येक मुलामुलीला समाजातच जोडीदार मिळेल ही अपेक्षा हिशेबात बसत नाही.

म्हणून ‘सगळं सारखंच’ असं म्हणावं का? मुळीच नाही, आणि इथेच मराठी घरांची सर्वांत मोठी चूक होते. मुलाचा धर्म बापाकडून येतो हे आपण इतकं गृहीत धरतो की शाळेच्या अर्जावर दुसरा विचारही करत नाही. यहुदी धर्मशास्त्र, म्हणजे हलाखा, आई पाहतं. आई यहुदी तर मूल यहुदी, मग बाप कुणी असो. बाप यहुदी आणि आई नसेल, तर पारंपरिक मताने मूल यहुदी नाही. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८३ मध्ये बापाकडूनही वारसा मान्य केला, पण मुलाचं संगोपन यहुदी म्हणून व्हावं या अटीवर. मुंबईत उदारमतवादी प्रवाह १९२५ पासून आहे, डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने ज्युइश रिलिजस युनियन सुरू झाली. म्हणजे एकाच मुलाला एक प्रार्थनालय आपलं म्हणेल आणि दुसरं म्हणणार नाही. इस्रायलचा पुनरागमनाचा कायदा आणखी निराळा आहे. १९७० च्या दुरुस्तीनंतर यहुद्याच्या नातवंडालाही आणि जोडीदारालाही तिथे स्थायिक होण्याचा हक्क मिळतो, पण त्याच देशातलं रब्बीमंडळ त्या नातवाला लग्नासाठी यहुदी मानेलच असं नाही आणि तिथे नागरी विवाहाची सोय नाही. हा वाद बेने इस्रायलांनी स्वतःच्या अंगावर झेलला आहे. १९६२ मध्ये रब्बीमंडळाने त्यांच्या लग्नांपूर्वी आईकडच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश काढले, तेव्हा जेरुसलेममध्ये त्यांनी धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने त्यांना सर्वार्थाने समान यहुदी मानल्यावर ते निर्देश मागे घ्यावे लागले. नियम माणसाला केवढे जाचू शकतात आणि कसे बदलतात, हे दोन्ही त्यात दिसतं.

‘ते आपल्या मुलाला बाटवतील’ ही भीतीही निराधार आहे. यहुदी धर्म प्रचार करत नाही. लग्नाने कुणी यहुदी होत नाही आणि स्वेच्छेने व्हायचं असेल तर दीर्घ अभ्यास, तीन जणांच्या धर्मपीठासमोर परीक्षा, विधिवत स्नान आणि पुरुषाला सुंता, एवढं करावं लागतं.

आपल्या देशाचा कायदा यापेक्षा सरळ आहे, पण तोही आपोआप काही करत नाही. हिंदू विवाह कायदा यहुद्यांना लागू नाही, त्यामुळे यहुदी मुलीशी फक्त सप्तपदी करून घरी आणणाऱ्या हिंदू मुलाचं लग्न त्या कायद्याने वैध ठरत नाही. हिंदू-ख्रिस्ती जोडप्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच सांगितलं. मार्ग आहे तो १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एक जण जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेला असावा लागतो, नोटीस द्यावी लागते आणि पुढचे तीस दिवस आक्षेपांसाठी थांबावं लागतं. १८७२ च्या जुन्या कायद्यात अशा जोडप्याला आपण आपला धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. आज दोघांनाही आपापला धर्म ठेवून लग्न करता येतं, ही १९५४ ची मोठी देणगी आहे. मात्र एकत्र शेती असलेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबांनी पुढची बाजू नीट समजून घ्यावी. हिंदू मुलाने या कायद्याखाली यहुदी मुलीशी लग्न केलं, तर तो एकत्र कुटुंबातून विभक्त मानला जातो. हिस्सा बुडत नाही, पण पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो: मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश, बाकीचं मुला-मुलींना सारखं. मुलीला सारखा वाटा मिळतो म्हणून मला हे बंधन वाटत नाही, पण भावकीला ते पेरणीच्या हंगामात तलाठ्याकडून कळण्यापेक्षा लग्नाआधी मुलाकडून कळलेलं बरं.

स्वयंपाकघराबद्दलचा गैरसमज मात्र आनंदाने खोडता येतो. सोवळ्याच्या शाकाहारी घरात यहुदी सून उपाशी राहील असं वाटतं, प्रत्यक्षात कोशेर, म्हणजे यहुदी आहारनियम, पाळणाऱ्याला असंच घर सर्वांत सोपं. मांस आणि दूध एकत्र करायचं नाही हा मुख्य नियम, आणि मांसच नसेल तर पिठल्यावर दही घ्यायला अडचण कसली? बेने इस्रायल मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचं दूध घालतात, त्यामागेही हाच नियम आहे. गोदावरीतले रोहू आणि कटला खवल्यांचे, म्हणून चालतात. झिंगे चालत नाहीत. वल्हांडणाच्या आठवड्यात गहू, जव अशा पाच धान्यांची आंबवलेली भाकरी घरात नको असते. ज्वारी त्या निषिद्ध पाच धान्यांत येत नाही. युरोपीय यहुदी परंपरेने तांदूळ आणि डाळीही टाळतात, बेने इस्रायलांकडे तांदूळ चालतो. म्हणजे सून पेणची की पोलंडकडच्या वंशाची, हे विचारल्याशिवाय ताट वाढता येणार नाही.

पूजेच्या बाबतीत मात्र कुणी गोड बोलून वेळ मारून नेऊ नये. मूर्तिपूजेचा निषेध यहुदी धर्माच्या गाभ्यातच आहे. महालक्ष्म्यांच्या वेळी सून सोळा भाज्या निवडेल, रांगोळी काढेल, पाहुण्यांना वाढेल; हळदीकुंकू वाहायला तिने नकार दिला तर तो सासूचा अपमान नव्हे. तसंच यहुदी आईच्या मुलाचं नाव आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ठेवलं जातं, तेव्हा बाराव्या दिवसाच्या बारशाची तयारी केलेल्या आजीला आधी सांगणं हे मुलाच्या बापाचं काम आहे. दोन रीतींत वाढलेली मुलं गोंधळतात, असं म्हटलं जातं. मला वाटतं, मुलं गोंधळतात ती रीती दोन असल्यामुळे नाही. मोठ्यांनी उत्तर टाळलं की गोंधळतात. ‘आईकडे मूर्ती का नाही?’ याला ‘सगळं एकच असतं’ हे उत्तर नव्हे. मरणाचंही तसंच आहे. यहुदी दफन करतात, लवकरात लवकर, आणि मराठी यहुद्यांच्या दफनभूमी प्रामुख्याने मुंबई, पुणे, रायगडच्या बाजूला आहेत. पारंपरिक दफनभूमीत बिगरयहुदी जोडीदाराला शेजारी जागा सहसा मिळत नाही. हे वयाच्या पंचविशीत बोलणं अवघड, पण साठीत बोलणं त्याहून अवघड.

दिनदर्शिका मात्र दोघांचीही चंद्राची आणि दोन्हींत अधिक महिना आहे. त्यामुळे २०२५ मध्ये नव्याचा सण, म्हणजे यहुदी नववर्ष, घटस्थापनेलाच आला, मांडवाचा सण सुक्कोथ कोजागरीच्या संध्याकाळी सुरू झाला आणि पुरीम हा सण होळीच्या जोडीला होता; जुन्या बेने इस्रायलांनी पुरीमला ‘होळीचा सण’ म्हटलं ते उगीच नाही. २०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून शरदातले हे सण महिन्याभराने फाकतात. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि दार फाळणीचा सण, योम किप्पूर, २० सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होऊन २१ च्या रात्री संपतो. त्या सोमवारी घरात गणपती असेल, सकाळी आरती होईल, आणि घरातली एक व्यक्ती पंचवीस तास पाण्याचा घोटही न घेता प्रार्थना करत असेल. तिच्यासाठी एक शांत खोली आणि रात्री दार उघडल्यावर गरम जेवण, एवढी सोय त्या घराने आधीच करून ठेवावी.