साक्षीदारास समोर पाहिलेला न्यायाधीश

नारायण पेठेतला गायकवाड वाडा, ज्याला आपण आज केसरी वाडा म्हणतो, तो लोकमान्य टिळकांनी १९०५ साली घेतला, तेव्हा ताईमहाराज प्रकरण त्यांच्यामागे लागून कित्येक वर्षे लोटली होती. बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये टिळक हे इस्टेटीचे एक विश्वस्त झाले. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान यथाविधी पार पडले, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. बाबामहाराजांच्या विधवा पत्नी ताईमहाराज यांनी ते अमान्य करून त्याच वर्षी कोल्हापूरचे बाळामहाराज यांना दत्तक घेतले. यातून उद्भवलेल्या फौजदारी खटल्यातून टिळक १९०४ साली हायकोर्टात निर्दोष सुटले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. दिवाणी दाव्याची हकीकत तितकी परिचित नाही आणि न्यायशास्त्राच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे.

पुण्याच्या फर्स्ट क्लास सबजज्जांनी पक्षकारांचा साक्षीपुरावा घेऊन १९०६ साली औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरविले. १९१० साली, टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, मुंबई हायकोर्टाने तो निकाल फिरविला आणि टिळकांसह त्यांच्या पक्षाच्या साक्षीदारांवर अविश्वास दाखविला. अखेर १९१५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हायकोर्टाचा निर्णय रद्द करून पुण्याचा निकाल कायम केला. ज्या कागदपत्रांच्या आधारे साक्षीदारांस खोटे ठरवावयाचे, ते उलटतपासणीत त्यांच्यापुढे ठेवून खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात नि:संदिग्ध शब्दांत मांडलेले असून आपल्याकडील न्यायालये आजही त्याचा आधार घेतात.

पहिल्या अपिलात वस्तुस्थिती आणि कायदा या दोहोंचा फेरविचार करण्याचा पूर्ण अधिकार वरिष्ठ न्यायालयास असतो, हे खरे. परंतु त्याच्यासमोर असते ते केवळ दप्तर, आणि दप्तरास उलट प्रश्न विचारता येत नाही. साक्षीदार कोणत्या प्रश्नाला अडखळला, कोठे त्याने वकिलाकडे पाहिले, कोणते उत्तर त्याने पाठ केल्यासारखे दिले, हे ज्याने जबानी घेतली त्यालाच दिसते; म्हणूनच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील बाराव्या नियमाने साक्षीदाराच्या वागणुकीविषयी शेरा नोंदविण्याची मुभा न्यायाधीशास दिली आहे.

पेटंटाच्या दाव्यात हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तेथे साक्षीदार तज्ज्ञ असतो आणि वादाचा विषय यंत्र. मिर्झापूरच्या भांडी बनविणाऱ्या दोन पेढ्यांमधील दावा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. लेथवर भांडे घट्ट धरून ते तासण्याच्या एका पद्धतीवर १९५१ पासूनचे पेटंट होते. त्यात नावीन्य वा कल्पकता नाही, असे अलाहाबाद हायकोर्टातील ज्या एकट्या न्यायाधीशांनी दावा चालविला त्यांनी ठरविले, खंडपीठाने त्यांचा निर्णय उलटविला, आणि १९७८ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एकट्या न्यायाधीशांचाच निष्कर्ष उचलून धरला. जुन्याच युक्तीचा हा किंचित फरकाने केलेला वापर असून कारखान्यातील कारागीर सहज करील एवढीच ती सुधारणा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ साली टेव्हा आणि सँडोझ या औषध कंपन्यांच्या वादात, पेटंटातील शब्दांचा अर्थ लावताना खालच्या न्यायाधीशाने तज्ज्ञांच्या पुराव्यावरून काढलेले वस्तुस्थितीचे निष्कर्ष उघड चूक असल्याखेरीज बदलू नयेत, असे सांगितले.

हा मान न्यायाधीशाच्या पदाला नसून त्याने प्रत्यक्ष ऐकलेल्या पुराव्याला आहे, हे मात्र विसरता कामा नये. आकुर्डीच्या बजाज ऑटोने लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसविण्याच्या पेटंटावरून टीव्हीएसविरुद्ध दावा केला, तेव्हा मद्रास हायकोर्टातील एका न्यायाधीशांनी २००८ मध्ये दिलेला तात्पुरता मनाई हुकूम खंडपीठाने २००९ मध्ये रद्द केला. त्या टप्प्यावर साक्षीदारांची तपासणी झालेलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्यांतील सारी शक्ती मनाई हुकुमावरच खर्ची पडते, याबद्दल नापसंती व्यक्त करून दावाच दररोज चालवून निकालात काढावा, असा आदेश दिला, तो मला सर्वस्वी योग्य वाटतो.

आज साक्षीपुरावा प्रतिज्ञापत्रावर येतो आणि पुष्कळदा उलटतपासणी कमिशनरसमोर होते. कमिशनरलाही साक्षीदाराच्या वागणुकीची नोंद करता येते. परंतु निकाल लिहिणाऱ्याच्या हाती त्याही वेळी कागदच येतो, आणि मग अपील ऐकणाऱ्यापेक्षा त्याचे स्थान वरचढ मानण्यास कारण उरत नाही. वेळ वाचतो हे मान्य करूनही माझे स्पष्ट मत असे आहे की, निदान पेटंटाच्या दाव्यात तरी तज्ज्ञ साक्षीदाराची उलटतपासणी न्यायाधीशाने स्वत:समोर घ्यावी, आणि शक्य असेल तेथे वादातले यंत्रही न्यायालयात मागवून चालवून पाहावे.