न भरणारी जखम : एक समजून घेण्याजोगा विषय

साधी जखम काही दिवसांत खपली धरते आणि भरून येते. परंतु मधुमेही व्यक्तीच्या तळपायावरील व्रण, अंथरुणास खिळलेल्या रुग्णाचे शय्याव्रण किंवा कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या बधिर पावलांवरील जखमा महिनोन्महिने ओल्याच राहतात. औषध चालू असूनही असे का घडावे?

याचा एक धागा इतिहासात सापडतो. १६८३ मध्ये हॉलंडमधील कापडव्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक याने दातांवरील किटण भिंगाखाली पाहिले, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. व्हिनेगरने दात धुतल्यावर केवळ बाहेरच्या थरातील जीव मेले. आतले जिवंतच राहिले, असे त्याने नोंदवून ठेवले. न भरणाऱ्या जखमेचे मर्म नेमके याच निरीक्षणात आहे.

जखमेतील जंतू सुटे राहत नाहीत. ते पृष्ठभागास चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करतात आणि त्याच्या आश्रयाने वस्ती करतात. या वस्तीस बायोफिल्म अथवा जैवपटल म्हणतात. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्रतिजैविके आतपर्यंत पुरेशी परिणामकारक ठरत नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ५० जुनाट जखमांपैकी ३० जखमांत असे पटल आढळले. १६ ताज्या जखमांपैकी मात्र केवळ एकीत.

या वस्तीत जिवाणूंबरोबर बुरशीही नांदते. कॅन्डिडा नावाची बुरशी लांब तंतू पसरते आणि स्टॅफिलोकोकस जिवाणू त्या तंतूंना चिकटून राहतात. बुरशीच्या आवरणातील शर्करायुक्त द्रव्य जिवाणूंभोवतीही लेपासारखे बसते व त्यांना औषधापासून वाचवते. शिवाय जिवाणूंवरील प्रतिजैविकाने बुरशी मरत नाही. मधुमेही पायांच्या १०० जखमांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जनुकीय तपासणीने सुमारे ८० टक्के जखमांत बुरशी आढळली. नेहमीच्या प्रयोगशाळेतील तपासणीतून तिचा बराचसा भाग निसटतो.

म्हणूनच केवळ गोळ्या बदलत राहणे हा उपाय नव्हे. डॉक्टर मृत ऊती व त्यावरील पटल खरवडून काढतात. परंतु दोन-तीन दिवसांत ते पुन्हा बळावू शकते. त्यामुळे ही स्वच्छता पुनःपुन्हा करावी लागते आणि औषधाचा उपयोगही त्या मोकळ्या काळात अधिक होतो. रक्तशर्करेवर नियंत्रण, जखमेवर भार न पडू देणे व पायातील रक्तपुरवठ्याची तपासणी यांवाचून सारे प्रयत्न अपुरे ठरतात.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांचे आईवडील वृद्ध झाले आहेत. बधिर पायाची जखम दुखत नाही, म्हणून ती क्षुल्लक समजली जाते आणि पाय गमावण्याची वेळ येते. घरातील मधुमेही व्यक्तीचे तळपाय रोज पाहावेत. अनवाणी चालणे टाळावे. जखमेवर राख किंवा पालापाचोळा बांधू नये आणि दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणू नयेत. जखम झाली की थांबू नये, तत्काळ डॉक्टरांना दाखवावी. वेळेवर घेतलेली ही दक्षता एखाद्याचे पाऊल वाचवू शकते.