मार्कअप शून्य, तरी पैसे गेले कुठे?

मावळातून आता वर्षभर कोणी ना कोणी परदेशी निघालेलं असतं. तळेगावच्या कारखान्याने ट्रेनिंगला पाठवलेला इंजिनिअर, नेदरलँड्समधली फुलशेती पाहायला जाणारा पॉलिहाऊसवाला, लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आईवडील, टूरबरोबर थायलंडला जाणारं लोणावळ्यातलं कुटुंब. व्हिसा, तिकीट, सामानाचं वजन यांवर घरात महिनाभर चर्चा होते. तिथे गेल्यावर हातात रोख कुठून येणार, हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवसावर पडतो आणि मग कोणीतरी सांगतं, ‘शून्य मार्कअपवालं कार्ड घे, एक पैसा जास्त जात नाही.’

हाच सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे. परदेशातल्या एटीएममधून पैसे काढताना कापले जाणारे पैसे एका जागी जात नाहीत. आपली बँक चलन बदलण्यासाठी टक्केवारीत मार्कअप लावते. नेहमीच्या डेबिट कार्डावर तो बहुधा दोन ते साडेतीन टक्के असतो. त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. दर वेळी पैसे काढल्याची ठरावीक फी वेगळी, साधारण सव्वाशे-दीडशे रुपये, आणि तिच्यावरही जीएसटी. शिवाय ज्या बँकेचं ते यंत्र आहे ती आपली फी घेते ती निराळीच. आपल्या बँकेच्या जाहिरातीत हिचा उल्लेख नसतो, कारण ती फी आपल्या बँकेची नसतेच.

आकड्यांनी पाहू. थायलंडमध्ये वीस हजार रुपयांचे बाहत हवे आहेत. साडेतीन टक्के मार्कअपचे ७००, त्यावर जीएसटी १२६, बँकेची फी १२५ धरली तर जीएसटीसह १४७.५० रुपये. हे झाले ९७३.५०. तिथल्या यंत्राची फी दर वेळी २२० बाहत किंवा त्याच्या आसपास असते, म्हणजे साडेपाचशे ते सहाशे रुपये. एकदाच सगळी रक्कम काढली तर खर्च साधारण दीड हजार.

आता दुसरा प्रवासी घ्या. त्याच्याकडे मार्कअप शून्य आणि बँकेची फीही शून्य असलेलं, सगळ्यांत स्वस्त म्हणून निवडलेलं कार्ड आहे. पण तो ‘लागेल तसे काढू’ म्हणून पाच-पाच हजार चार वेळा काढतो. यंत्राची फी चार वेळा, म्हणजे बावीसशेच्या वर. स्वस्त कार्डवाल्याला महागड्या कार्डवाल्यापेक्षा जास्त खर्च आला! म्हणून कार्ड निवडण्याआधी किती वेळा काढणार हे ठरवा. एक-दोनदाच मोठी रक्कम लागणार असेल तर मार्कअपकडे पाहा. वरचेवर थोडी थोडी लागणार असेल तर ठरावीक फी आणि त्या देशातली यंत्राची फी आधी पाहा. शून्य मार्कअपच्या बदल्यात खात्यात किमान शिल्लक, मुदत ठेव किंवा वार्षिक शुल्क मागितलेलं आहे का, तेही बँकेच्या शुल्कपत्रकात वाचून घ्या.

‘रुपयांत दाखवतंय, म्हणजे आपल्याच फायद्याचं’ हा दुसरा मोठा गैरसमज. यंत्राच्या पडद्यावर प्रश्न येतो, रक्कम तुमच्या चलनात वळती करून हवी का? शेजारी रुपयांचा आकडा दिसतो आणि ओळखीचं चलन पाहून माणूस निर्धास्त होतो. पण तो दर आपल्या बँकेचा नसतो. यंत्रवाल्याने स्वतःचा नफा घालून लावलेला असतो आणि बाजारदरापेक्षा बऱ्याचदा पाच-सहा टक्क्यांनी, कधी त्याहूनही जास्त वाईट असतो. शून्य मार्कअपचं कार्ड इथे काहीच वाचवत नाही, कारण चलन तुमच्या बँकेपर्यंत पोचण्याआधीच बदललेलं असतं. परदेशात रुपयांत झालेल्या अशा व्यवहारावर काही बँका वर आणखी एक टक्का लावतात. नकार दिला तर व्यवहारच रद्द होईल अशी भीती वाटावी, अशी त्या पडद्याची रचना असते. तसं होत नाही. ‘कन्व्हर्जन नको’ हा पर्याय दाबा, नोटा येतात. दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येतो. तिथेही स्थानिक चलनच निवडा. आईवडील एकटे जाणार असतील तर त्यांना आणखी काही सांगायचं राहिलं तरी चालेल, पण एवढं एक शिकवून पाठवा.

फॉरेक्स कार्ड सगळ्यांत स्वस्त, हे अर्धंच खरं. डॉलर भरलेलं कार्ड अमेरिकेत चांगलं चालतं, भरतानाच दर पक्का होतो. तेच कार्ड बँकॉकमध्ये वापरलं की डॉलरचे बाहत करण्याचं वेगळं शुल्क लागतं. पैसे काढण्याची फी असतेच, उरलेली रक्कम परत रुपयांत घेताना दरात पुन्हा तूट येते. ज्या देशात जाताय त्याचं चलन त्या कार्डावर भरता येतं का, एवढं विचारलं की निम्मा निर्णय होतो.

क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. दुकानातल्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोख रकमेला नसते. साधारण अडीच टक्के फी आणि पहिल्या दिवसापासून महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागतं. यूपीआय आता भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, श्रीलंका, मॉरिशस, फ्रान्स इथे चालतं, पण ठरावीक दुकानांत आणि ठिकाणी. त्याच्या भरवशावर रोख न घेता निघणं बरं नाही. चलनी नोटा बरोबर नेता येतात, बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत. उतरल्यावरच्या टॅक्सीपुरत्या तरी त्या इथूनच घ्याव्यात, विमानतळावरच्या काउंटरचा दर क्वचितच चांगला असतो.

‘माझं कार्ड कुठेही चालतं’ असं समजून निघालेल्याची पंचाईत मात्र पहिल्याच यंत्रापाशी होते. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येतं. परदेशातला वापर आपणच सुरू करायचा असतो, ॲपमधून किंवा शाखेतून, आणि मर्यादाही आपणच ठरवायची. सहकारी बँकांची बरीच रुपे कार्डं तर परदेशात चालतच नाहीत. खातं अशा बँकेत असेल तर निघण्याआधी शाखेत जाऊन स्पष्ट विचारा.

हा वापर सुरू केला की खातं लुटलं जाईल, या भीतीमागे पुणे जिल्ह्याची एक खरी आठवण आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यातले ७८ कोटी २८ देशांतल्या एटीएममधून, बनावट कार्डांनी. पण तो हल्ला बँकेच्या यंत्रणेवर होता. एटीएमच्या विनंतीला मंजुरी देणारी व्यवस्थाच चोरांनी बाजूला सारली होती. नुकसान बँकेचं झालं, खातेदारांचं नाही. आपल्या हातात आहे ते एवढंच की परदेशातल्या वापराची मर्यादा गरजेपुरती ठेवावी, परतल्यावर तो बंद करावा आणि न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला तर लगेच बँकेला कळवावं. चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल, तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीही जबाबदारी येत नाही, असा २०१७ पासूनचा नियम आहे.

कराची धास्तीही मोठी असते. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा परदेशातला खर्च वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजला जातो, आणि एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात एकूण दहा लाख रुपयांपर्यंत त्यावर टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच कापला जाणारा कर, नाही. त्यापुढच्या रकमेवर कापला गेलेला करही विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पंधरा दिवसांच्या सहलीला निघालेल्या कुटुंबाने याची चिंता करायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. इथल्या एटीएमने नोटा न देता खात्यातून पैसे वजा केले आणि बँकेने पाच दिवसांत ते परत केले नाहीत, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. हा नियम देशातल्या व्यवहारांपुरता आहे. परदेशात तसं घडलं तर कार्ड नेटवर्कमार्फत तक्रार चालते आणि वेळ लागतो. म्हणून यंत्राचा पत्ता, वेळ आणि पडद्यावरच्या मजकुराचा फोटो जागेवरच घ्या, पावती आली तर जपून ठेवा, आणि बँकेला त्याच दिवशी लेखी कळवा. सगळे पैसे एकाच खात्यात, एकाच कार्डावर ठेवून जाऊ नका. दुसऱ्या बँकेचं एक कार्ड वेगळ्या बॅगेत असू द्या.