गप्प्यांच्या शेपट्या कोण खातो?

मैत्रिणींनो, घरातल्या काचपेटीतल्या गप्प्यांच्या शेपट्या एकाएकी कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या, तर लगेच पाण्याला दोष देऊ नका. गेल्या आठवड्यात पेटीत कुणी नवा पाहुणा आणून सोडला का, ते आधी मुलांना विचारा. तो पाहुणा हिरवट-पिवळा, अंगावर काळे ठिपके असलेला, बटबटीत डोळ्यांचा आणि गुबगुबीत असेल, तर चोर सापडलाच म्हणून समजा! त्याचे नाव पफर.

कुर्ल्याच्या मत्स्यबाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटात मुलांना घेऊन गेलात, की हा मासा हमखास त्यांच्या डोळ्यांत भरतो. त्यात नवल ते काय? बाकीचे मासे आपल्या तंद्रीत फिरत असतात; हा मात्र काचेशी येऊन आपल्यालाच न्याहाळतो. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. रोज खाऊ घालणारे माणूस पेटीपुढे आले, की तो शेपूट हलवीत पुढे पुढे करतो. आणि हे खाऊ घालण्याचे काम पहिल्या आठ दिवसांनंतर घरात कुणाच्या गळ्यात पडते, ते मी तुम्हाला वेगळे सांगायला नको. तेव्हा विकत घेण्याआधी या बाळाचे गुण आपणच जाणून घेतलेले बरे.

कोकणातल्या मैत्रिणींना त्याची जात ओळखीची असेल. आपल्या किनाऱ्यावर ज्याला केंड म्हणतात, तो समुद्रातला पफरच. मालवण-देवगडकडचे मच्छीमार केंडाच्या नावाने बोटे मोडतात, कारण तो जाळी चक्क कातरतो. पफरच्या तोंडात वर दोन आणि खाली दोन असे चार दात जुळून पोपटाच्या चोचीसारखी कात्री झालेली असते. गोगलगाय, शिंपला, खेकडा यांचे कवच फोडायला निसर्गाने दिलेले हे हत्यार. ते आपल्या नखांसारखे जन्मभर वाढत राहते. कठीण खाणे मिळाले नाही तर दात इतके वाढतात, की माशाला तोंड उघडून खाणेच जमत नाही आणि तो उपाशी मरतो. म्हणजे चावणे ही त्याची खोडी नव्हे, गरज आहे. त्याला ‘वळण लावू’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

दुकानात साधारण दोन प्रकार दिसतात. पहिला अगदी छोटा, जेमतेम इंच-सव्वा इंचाचा. त्याला कुणी ड्वार्फ पफर म्हणतात, कुणी पी पफर. हा आपल्या पश्चिम घाटातला, मुख्यतः केरळच्या नद्यांमधला. १९४१ साली होरा आणि नायर या दोन शास्त्रज्ञांनी पंपा नदीतल्या माशांवरून त्याची शास्त्रीय नोंद केली आणि त्रावणकोरवरून त्याचे नाव ठेवले. हा जन्मभर गोड्या पाण्यात राहतो. बाजारात येणाऱ्यांपैकी पुष्कळसे थेट नदीतून पकडलेले असतात, आणि जागतिक यादीत या जातीची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. तेव्हा ‘मेला तर दुसरा आणू’ हा हिशेब इथे करू नये.

दुसरा हिरवा, ठिपक्यांचा पफर. दुकानात तो दीड-दोन इंचांचा असतो आणि गोड्या पाण्यात ठेवलेला असतो, म्हणून आपणही तसेच ठेवतो. इथेच घोटाळा होतो. हा खाडीच्या तोंडचा मासा. वाढत जाईल तसतसे त्याला खारट पाणी लागते, आणि तो सहा इंचांपर्यंत वाढतो. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही. समुद्री माशांसाठी मिळणारे वेगळे मीठ आणि पाण्याचा खारेपणा मोजायचे साधन, दोन्ही घ्यावे लागते. त्यात शंभर-सव्वाशे लिटरची पेटी. एवढे पाणी म्हणजे सव्वाशे किलो वजन, वर काचेचे आणि वाळूचे वेगळे. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये ही पेटी शोकेसवर ठेवायची की डोक्यावर? मला विचाराल तर हा मासा आणूच नये.

आता मुख्य प्रश्न: ‘सगळ्या माशांत मिळून एक पफर ठेवला तर नाही का चालणार?’ सरळ उत्तर: नाही. गप्पी, फायटर, एंजल, गोल्डफिश यांचे लांब झुळझुळीत पंख म्हणजे पफरला वाढलेले ताटच. फायटर बिचारा पंखांच्या ओझ्याने हळू पोहतो. त्याचे हाल सर्वांत आधी. छोट्या कोळंब्यांचे तर नावच नको. ‘मोली खारट पाण्यात टिकते, मग हिरव्या पफरबरोबर ठेवू,’ असे सुचवणारेही भेटतात. पाणी दोघांना मानवेल हो, पण मोलीची शेपूट राहील का? काही जण ड्वार्फ पफरबरोबर चपळ, आखूड पंखांचे मासे किंवा शेवाळ खाणारे लहानसे ओटो ठेवतात. कुणाकडे ते महिनोन्‌महिने सुखाने नांदतात, कुणाकडे आठवड्यात एकेक कमी होत जातो. पफरचा स्वभाव माशागणिक वेगळा. शेजारी म्हणून दुसरा पफरही तसा धोक्याचाच, कारण दोन नर जागेवरून भांडतात. वयात आलेल्या नराच्या पोटावर मधोमध काळसर रेघ आणि डोळ्यांमागे बारीक सुरकुत्या दिसतात. दुकानातल्या पिल्लांत मात्र हे ओळखणे कठीण.

म्हणून हौसच असेल, तर एक ड्वार्फ पफर आणि त्याची स्वतःची वीस-पंचवीस लिटरची पेटी असा संसार मांडा. तीन ठेवायचे असतील तर पेटी चाळीस लिटरच्या पुढची हवी, आणि त्यात दाट झाडी, म्हणजे एकमेकांच्या नजरेआड होता येते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा आणि हजाराने भागा, की लिटर निघतात. आपल्या हवेत हीटरची गरज सहसा पडत नाही. पण पेटी भरली आणि त्याच संध्याकाळी मासा सोडला, असे करू नका. फिल्टर लावल्यावर माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात स्थिरावायला तीन-चार आठवडे लागतात. पुढे दर आठवड्याला पाव पेटी पाणी बदलावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते आदल्या दिवशी बादलीत भरून उघडे ठेवा. बादलीवर पातळ फडके मात्र बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल. पफरच्या अंगाला खवले नसतात, त्यामुळे औषधे त्याला लवकर बाधतात. तांबे असलेली तर टाकूच नयेत.

खाण्याचे काय? डब्यातले कोरडे दाणे बहुतेक पफर तोंडात घेऊन थुंकतात. त्यांना गोठवलेल्या लाल अळ्या आणि गोगलगायी हव्यात. यावर एक स्वस्त उपाय आहे. पाणवनस्पतींबरोबर पेटीत ज्या चिमुकल्या गोगलगायी आपोआप येतात, त्या एका बरणीत वेगळ्या वाढवा. उकडलेल्या पालकाचे पान टाकले की त्यांची प्रजा पाहता पाहता वाढते. आठवड्यातून दोन-तीनदा चार-सहा उचलून पफरला द्या, दातही झिजतील. नाल्यातल्या किंवा खाडीतल्या गोगलगायी मात्र आणू नका. गॅलरीत डासांच्या अळ्या वाढवण्याची युक्ती कुणी सांगितली तर तीही ऐकू नका. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची नोटीस यायची!

मुलांना एक ताकीद द्यायला हवी. पफर फुगलेला पाहण्यासाठी काचेवर टकटक करायची नाही, त्याला जाळीने बाहेर काढायचे नाही. घाबरला की तो पोटात पाणी भरून घेतो. पाण्याबाहेर तीच भीती वाटली तर हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणे त्याला जड जाते. शिवाय पफरच्या कुळात टेट्रोडोटॉक्सिन नावाचे जहरी विष आढळते. शिजवूनही ते जात नाही. मेलेला मासा मांजरीपुढे टाकू नये.

आणि पफर आधीच घरात आला असेल तर? आजच त्याला वेगळ्या भांड्यात काढा, पण जाळीऐवजी पाण्यासकट वाटीने उचलून. मोठ्या पेटीतले मुरलेले पाणी आणि थोडी झाडे त्यात घाला, म्हणजे नवी पेटी तयार होईपर्यंत भागेल. एक-दोन दिवसाआड त्यातले थोडे पाणी बदलत राहा. कुरतडलेल्या शेपट्या, पाणी स्वच्छ असेल तर, काही आठवड्यांत बहुधा भरून येतात. नवी पेटी जमणार नसेल तर दुकानदाराला तो परत घ्यायला लावा. पवईच्या तलावात मात्र नेऊन सोडू नका. तिथल्या पाण्यात परका मासा सोडणे बरे नव्हे, आणि काचपेटीत वाढलेला तो जीव तिथे जगेलच असेही नाही.